ई-पाठाची मूळ फाइल शाळेच्या ताब्यात हवी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाशिक जिल्ह्याला लागून महाराष्ट्रातले कोणते जिल्हे आहेत, हा तिसरीच्या मुलाला विचारायचा साधा प्रश्न आहे. २०११ साली त्याचे उत्तर धुळे, जळगाव, औरंगाबाद, अहमदनगर आणि ठाणे असे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि पेठ-त्र्यंबकच्या बाजूचा आपला शेजारी बदलला; इगतपुरीकडून ठाणे शेजारी राहिलाच. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. म्हणजे तेरा वर्षांत पाचपैकी तीन नावांपाशी दुरुस्ती करावी लागली. छापील पुस्तकात ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होते आणि तोवर मुले जुन्या नावावर पेनाने रेघ मारून शेजारी नवे नाव लिहितात. आमच्या शाळेने लोकवर्गणीतून करून घेतलेल्या ई-पाठात मात्र ही दुरुस्ती करता आली नाही. ती का करता आली नाही, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, कारण जिल्ह्यातल्या अनेक शाळांच्या कपाटांत असेच पाठ पडून आहेत आणि नवे पाठही त्याच पद्धतीने तयार होत आहेत.

मी दिंडोरी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. २०११ मध्ये गावातल्या द्राक्ष बागायतदारांनी वर्गणी काढून शाळेला संगणक आणि प्रोजेक्टर घेऊन दिला आणि उरलेल्या पैशांतून ‘आपला जिल्हा’ हा पाठ शहरातल्या एका व्यावसायिकाकडून करून घेतला. त्याची संहिता मी लिहिली होती. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा यायचा, त्यात पंधरा तालुके निरनिराळ्या रंगांत असायचे, आणि शेजारच्या जिल्ह्याचे नाव माउसने उचलून योग्य दिशेला नेऊन सोडले की ‘शाब्बास, बरोबर!’ असा आवाज यायचा. तो आवाज आमच्याच चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचा होता. गावातली माणसे तो पाठ पाहायला संध्याकाळी शाळेत आली होती, आणि वर्गणीचे पैसे सार्थकी लागले असे त्यांना वाटले, ते त्या दिवशी खरेही होते.

हा पाठ फ्लॅश या हलती, बोलती चित्रे तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला होता. त्या काळी असे पाठ बहुतेक त्यातच होत. ॲडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्येच जाहीर केले होते की असे पाठ पडद्यावर दाखवणारा फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद होईल. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने ब्राउझरमधला मजकूर दाखवणेच थांबवले. जवळजवळ साडेतीन वर्षे आधी सूचना मिळालेली होती. ती आमच्यापर्यंत पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही तिचा अर्थ आम्हाला कळला नाही, हा दोष आमचाच आहे. कोरोनामुळे वर्ग बंद होते, घरोघरी मोबाइलवर पाठ पाठवण्याची धडपड चालली होती, आणि नेमका त्या काळात आमचा सर्वांत चांगला पाठ पडद्यावर फक्त एक करडा चौकोन दाखवत होता.

मात्र माझी तक्रार फ्लॅश बंद पडल्याची नाही. सॉफ्टवेअर बंद पडतच असते. ऑथरवेअर हे एकेकाळी प्रशिक्षणाच्या पाठांसाठी जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर २००७ मध्ये थांबले, तशाच कामाचे डायरेक्टर २०१७ मध्ये थांबले. शिक्षकाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असते आणि सॉफ्टवेअरचे आयुष्य त्याहून पुष्कळ कमी असते, हे गृहीत धरूनच आपण काम केले पाहिजे. शिवाय बंद पडलेली फ्लॅश फाइल आजही चालवता येते. रफल नावाचे एक मुक्त सॉफ्टवेअर जुन्या फ्लॅश फायली नव्या ब्राउझरमध्ये दाखवते. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच साहाय्याने जुन्या फ्लॅश कृतींचा संग्रह खुला केला. माझ्या एका सहकाऱ्याने आमच्या सीडीतली फाइल रफलमध्ये उघडून दाखवली. नकाशा आला, रंग आले, त्या मुलीचा आवाज आला (ती आता पदवीधर झाली आहे), आणि नकाशाच्या पश्चिमेला फक्त ‘ठाणे’ आले. पालघर कुठेच नव्हते. पाठ जिवंत झाला, पण चुकीचा. आणि त्यात एक शब्द बदलायचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

कारण असे की, ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे असे पाठ तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन वेगळ्या फायली असतात. एक मूळ फाइल, जिच्यात चित्र, आवाज, मजकूर, कोणते बटण दाबले की काय घडावे याचे नियम, हे सगळे सुटे आणि बदलण्याजोगे असते. दुसरी प्रकाशित फाइल, जी फक्त पाहण्यासाठी आणि वापरण्यासाठी असते. फ्लॅशमध्ये पहिलीला ‘एफएलए’ आणि दुसरीला ‘एसडब्ल्यूएफ’ म्हणत. आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगताना मी म्हणते की द्राक्षाचा बेदाणा करता येतो, बेदाण्याचे पुन्हा द्राक्ष करता येत नाही. आम्हाला सीडीवर बेदाणा मिळाला होता. मूळ फाइल त्या व्यावसायिकाच्या संगणकावर राहिली, पुढे त्याचा व्यवसाय बंद झाला आणि तो संगणकही गेला. आम्ही मूळ फाइल मागितलीच नव्हती, कारण अशी काही वेगळी वस्तू असते हेच आम्हाला माहीत नव्हते. आजही शाळा समितीच्या बैठकीत ई-साहित्य खरेदीचा विषय निघतो तेव्हा पाठ किती, मिनिटे किती आणि रुपये किती एवढेच विचारले जाते.

गेल्या वर्षी तो पाठ मी नव्याने केला आणि या वेळी स्वतः केला. त्यासाठी एचफाइव्हपी ही ब्राउझरमध्ये चालणारे पाठ तयार करण्याची पद्धत वापरली. तिची सुरुवात नॉर्वेमध्ये २०१३ च्या सुमारास झाली, ती विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. लुमी नावाचे तिचे एक संपादक-सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर बसते आणि इंटरनेट नसतानाही चालते, हे आमच्यासारख्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यात आधी नकाशाचे चित्र पार्श्वभूमीला लावले. मग ज्या ज्या जागी नाव येऊन पडायला हवे तिथे एकेक चौकट आखली, नावांच्या पट्ट्या टंकल्या, आणि कोणती पट्टी कोणत्या चौकटीत बरोबर हे खुणा करून ठरवले. ‘धुळे’ आणि ‘जळगाव’ यांच्या चौकटी फार जवळ आल्याने मुलांचे बोट चुकत होते, म्हणून त्या थोड्या लांब सरकवल्या. पट्टी चुकीच्या जागी पडली तर काय सूचना द्यायची हेही लिहिता येते. तिथे मी नुसते ‘चूक’ न लिहिता ‘पेठहून जव्हारला गेलास तर कोणत्या जिल्ह्यात पोहोचशील?’ असे लिहिले. एवढ्या कामाला दोन संध्याकाळी लागल्या. तयार पाठ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये काढता येतो आणि ती फाइल टॅबवर किंवा मोबाइलवर ब्राउझरमध्ये जशीच्या तशी उघडते.

या पद्धतीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण असा की, तिची मूळ फाइल म्हणजे एक साधी झिप केलेली थैली आहे. तिचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ लिहिले की ती कोणत्याही संगणकावर सुटते आणि आत चित्रे, आवाज आणि मजकूर वेगवेगळे दिसतात. उद्या लुमी राहिले नाही तरी आमचा मजकूर आणि आमचा आवाज आमच्या हातात राहील. ती फाइल ज्याला दिली त्याला ती उघडून बदलताही येते. एक्सईलर्निंग हे न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले आणि पुढे स्पेनमध्ये वाढलेले दुसरे मुक्त सॉफ्टवेअर आहे. लांब, अनेक पानांचा पाठ करायचा असेल तर ते अधिक सोयीचे, आणि त्यातही प्रकाशित पाठासोबत त्याचे संपादनयोग्य रूप ठेवण्याची सोय आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिथेच आमचे सर्वाधिक श्रम वाया गेले. २०११ ची संहिता माझ्याकडे होती, पण ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी दिसते, नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असा मजकूर नव्या पद्धतीत बदलून देणारा परिवर्तक वापरून पाहिला, तर जोडाक्षरे मोडली. शेवटी मी रफलमध्ये जुना पाठ लावून, स्वतःचेच निवेदन ऐकत, ते थांबवत थांबवत पुन्हा टंकून काढले. वास्तविक युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत, हिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी आहे, आणि ‘ॲ’ हे आपले अक्षरही तिच्यात २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. २०११ मध्ये युनिकोड वापरणे सहज शक्य होते. आम्हाला तसे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आज युनिकोड सर्वत्र आहे, तरीही सगळेच सॉफ्टवेअर मराठी नीट मांडत नाही. काहींमध्ये ‘निफाड’ लिहिले की पहिली वेलांटी ‘न’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘फ’ला जाऊन चिकटते, ‘दऱ्या’मधला अर्धा र कुठे रफार होतो तर कुठे पाय मोडून उभा राहतो. मग त्यावर उपाय म्हणून शिक्षक दुसरीकडे मजकूर टंकतात, त्याचा फोटो काढतात आणि तो फोटो पाठात चिकटवतात. पडद्यावर ते शुद्ध दिसते, पण तो मजकूर राहिलेला नसतो, चित्र झालेले असते. त्यात शब्द शोधता येत नाही, एक काना बदलता येत नाही, आणि दृष्टिबाधित मुलासाठी एनव्हीडीएसारखे विनामूल्य वाचक सॉफ्टवेअर लावले तर ते त्या जागी गप्प बसते. माझे शिक्षक बंधू-भगिनींना कळकळीचे सांगणे आहे की, जे सॉफ्टवेअर मराठी मोडते ते कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे. नवे सॉफ्टवेअर पाहताना मी पहिल्यांदा ‘निफाड’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ॲल्युमिनियम’ आणि ‘सप्तशृंगी’ हे चार शब्द टंकून पाहते. ते चारही बरोबर उमटले तरच पुढे जाते.

पाठ बदलण्याची गरज वर्षातून एकदाच पडते असेही नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस तीन’ अशी पद्धत आली, त्यावर राज्यभर वाद झाला आणि ‘तेवीस’ म्हणायचे की ‘वीस तीन’ म्हणायचे यावर घराघरांत चर्चा झाली. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. पण त्या वेळी ज्या शाळांकडे संख्यावाचनाचे ध्वनिमुद्रित पाठ होते त्यांची काय अडचण झाली ते मी जवळून पाहिले आहे. मूळ फाइल असती तर शंभरेक छोटे ध्वनी पुन्हा मुद्रित करून जागच्या जागी घालता आले असते, किंवा दोन्ही पद्धतींची दोन बटणे ठेवता आली असती. ती नसल्याने सगळे पाठ बाजूला पडले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत असताना ही अडचण पुन्हापुन्हा येणार आहे.

विकत घेण्याच्या सॉफ्टवेअरला माझा सरसकट विरोध नाही. कॅप्टिव्हेट, स्टोरीलाइन यांसारख्या सॉफ्टवेअरांत होणारे काम सुबक असते आणि उद्योगांच्या प्रशिक्षण विभागांना ते परवडतेही; सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रावरील सुरक्षिततेचा पाठ करायचा असेल तर ते त्यांनी जरूर वापरावे. पण शाळेच्या बाबतीत असे होते की, दरवर्षी पैसे भरून वापरायच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली की मूळ फाइल हाती असूनही उघडता येत नाही, आणि दरवर्षी ते पैसे भरण्याची तरतूद प्राथमिक शाळेकडे नसते. म्हणून मूळ फाइल मिळणे आणि ती विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडता येणे, या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देतो. त्यात कोणते वाक्य कोणत्या क्षणाला येते हे वेळेसह लिहिलेली संहिता पाठाबरोबर जपलेली असते, म्हणून एकच चित्रीकरण ठेवून मराठी, तमिळ किंवा आसामी आवाज त्यावर बसवता येतो. आवाज वेगळा, संहिता वेगळी आणि चित्र वेगळे ठेवण्याची ही शिस्त एखाद्या महागड्या यंत्रणेवर अवलंबून नाही. ती एका फोल्डरमध्ये, पेनड्राइव्हवरही पाळता येते.

म्हणून संबंधितांकडे माझी मागणी आहे. शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या किंवा लोकवर्गणीच्या पैशातून जो ई-पाठ तयार होईल, त्याच्या निविदेत किंवा कार्यादेशात ‘मूळ संपादनयोग्य फाइल, सुटे ध्वनी, सुटी चित्रे आणि युनिकोडमधील संहिता शाळेच्या ताब्यात दिल्याशिवाय अंतिम देयक अदा होणार नाही’ असे एक वाक्य असावे. शिक्षकांनी त्यात बदल करावेत आणि इतरांना द्यावेत अशी परवानगीही लेखी असावी. दीक्षा या ५ सप्टेंबर २०१७ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय मंचावर पुष्कळ साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना असतो, आणि तिथे एचफाइव्हपीची फाइलही चढवता येते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागे नुसते व्हिडिओ ठेवण्याऐवजी असे बदलता येणारे पाठ अधिक ठेवता येतील.

आपल्या शहराच्या बाबतीत एक विशेष अपेक्षा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्ये आहे, आणि शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला शिकता यावे अशा रीतीने मजकूर कसा लिहायचा, याचा त्याच्याएवढा दीर्घ अनुभव मराठीत क्वचितच कोणाकडे असेल. या विद्यापीठाने आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने मिळून प्राथमिक शिक्षकांसाठी मुक्त ऑथरिंग सॉफ्टवेअरचा एक छोटा प्रत्यक्ष वर्ग चालवावा आणि जिल्ह्यातल्या पाठांच्या मूळ फायली एके ठिकाणी जपून ठेवाव्यात. प्रशिक्षणात स्लाइड दाखवून चालणार नाही. प्रत्येकाने लॅपटॉपवर एक पाठ स्वतः करावा, शेजारच्याचा पाठ उघडून त्यात एक बदल करावा, आणि मगच उठावे. तेवढे जमले की बाकीचे शिक्षक आपसांत शिकून घेतात, हा माझा अनुभव आहे.

माझ्या नव्या पाठाचीच हकीकत सांगते. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी ती फाइल काही जणांना दिली. ती फिरत फिरत सुरगाण्याच्या एका वस्तीशाळेतल्या शिक्षिकेकडे गेली. त्यांनी फोन करून विचारले, ‘ताई, यात आम्ही डांग आणि वलसाड घातले तर चालेल का? आमच्या मुलांना जळगाव कुठे आहे ते माहीत नाही, पण आईबापांबरोबर गुजरातेत कामाला ती दरवर्षी जातात.’ मी फक्त महाराष्ट्रातले जिल्हे घेतले होते. ही उणीव माझ्या ध्यानातही आली नव्हती. त्यांनी दोन चौकटी वाढवल्या, दोन पट्ट्या टंकल्या, आणि माझ्या निवेदनाच्या जोडीला तिथल्याच एका मुलाकडून कोकणा बोलीत सूचना मुद्रित करून घातल्या. आठवड्याने ती फाइल माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यात आठ शेजारी होते आणि दोन आवाज होते. आता मी माझ्या वर्गात तीच फाइल वापरते. ज्या शिक्षकांना ती हवी असेल त्यांनी पुढच्या शिक्षण परिषदेला पेनड्राइव्ह घेऊन यावे. मूळ फाइलच देईन.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
नाशिक